"हाई देव सांगस का तू सांगस?" अधिकाराने वचन शिकवण्याबद्दल एका तरुण भावाला उत्तर

भाऊ, जय ख्रिस्त. तुझा प्रश्न दोनदा वाचला, मग रात्री परत एकदा वाचला, कारण या प्रश्नात मी स्वतः बरीच वर्षं अडकलेलो होतो. तू लिहिलंस की २ वर्षं झाली तू नवापूरकडे युवक संघात आणि घरोघरच्या प्रार्थनेत वचन सांगतोस, बायबल कॉलेज केलेलं नाही, आवाज बारीक आहे, आणि मागच्या महिन्यात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तोंडावर सांगितलं की तुझं सांगणं बरोबर असतं पण त्यात अधिकार नाही. बाहेरून आलेल्या प्रचारकाने तेच वचन घेतलं तर लोक रडतात, तू घेतलं तर घड्याळ बघतात. मग तू मत्तय ७:२९ लिहिलंस, की येशू शास्त्र्यांसारखं नाही तर अधिकार असल्यासारखं शिकवत होता, आणि विचारलंस की हा अधिकार मिळवायचा कसा? मोठ्याने बोलायचं, उपास धरायचा, की कुणाकडून डोक्यावर हात ठेवून घ्यायचे?

मला वाटतं "मिळवायचा कसा" हा खरा प्रश्न नाहीये. तू बोलतोस तेव्हा तुझ्या मागे कोण उभं आहे आणि समोर बसलेल्या माणसाला ते कशावरून कळणार, हा खरा प्रश्न आहे. हे सुटलं की आवाजाचं, उपासाचं, हात ठेवण्याचं आपोआप जागच्या जागी बसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, यातलं काही तुझ्या मंडळीवर अवलंबून आहे. तू कॅथलिक असशील तर शिकवण्याचा अधिकार बिशपांच्या हाताखाली चालतो, धर्मशिक्षक म्हणूनसुद्धा त्यांच्या वतीनेच शिकवायचं. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मध्ये असशील तर वेदीवरून कोण बोलणार याला नियम आहेत. आपल्याकडच्या अलायन्स मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्यांमध्ये वडीलमंडळ ठरवतं, आणि स्वतंत्र फेलोशिपमध्ये बऱ्याचदा पास्टर म्हणतील तेच. बहिणींनी मंडळीत शिकवावं का यावरही एकमत नाही, मी स्वतः प्रिस्किल्लेकडे बघतो, तिने आणि अक्विल्लाने अपुल्लोसासारख्या विद्वानाला घरी नेऊन देवाचा मार्ग नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये, म्हणजे प्रे. कृ. १८:२६), पण तुझी मंडळी वेगळं मानत असेल तर त्यावरून भांडू नको. परवानगीचा हा भाग तुझ्या पाळकांशी बसून बोल. मी खाली लिहितोय ते परवानगी मिळाल्यानंतरचं आहे, कारण परवानगी असूनही अधिकार नसलेले संदेश मी भरपूर ऐकलेत आणि दिलेतही.

आता वचनाकडे. मार्क १:२१-२८ काढून ठेव. कफर्णहूमचं सभास्थान, शब्बाथाचा दिवस, येशू शिकवतोय आणि लोक थक्क झालेत. शास्त्री लोक शिकवायचे ते आधीच्या गुरूंच्या आधाराने, अमुक गुरूने असं म्हटलं, त्याला तमुक गुरूकडून मिळालं, अशी साखळी मोशेपर्यंत जायची. यात वाईट काही नव्हतं बरं का, ती त्यांची प्रामाणिक पद्धत होती. संदेष्टे आले तर ते म्हणायचे "परमेश्वर असे म्हणतो". येशू या दोन्ही प्रकारे बोलत नाही. तो म्हणतो, तुम्ही ऐकलं आहे की असं सांगितलं होतं, पण मी तुम्हाला सांगतो. मधे कुणी गुरू नाही, साखळी नाही. म्हणून लोक हादरले.

इथेच आपले बरेच तरुण प्रचारक घसरतात, मीही घसरलो. आपण वाचतो की शास्त्र्यांसारखं नाही, अधिकाराने, आणि समजतो की म्हणजे आपणही अभ्यास, आधार, संदर्भ बाजूला ठेवून छातीठोक बोलायचं. पण "मी तुम्हाला सांगतो" हे वाक्य फक्त त्याचं आहे भाऊ. ते तुझं नाही, माझं नाही, कुठल्याच पाळकाचं नाही. आपल्याला जे दिलंय ते मत्तय २८:१८-२० मध्ये आहे, तिथे तो आधी म्हणतो की सर्व अधिकार मला दिलेला आहे, मला, आणि मग म्हणतो जे काही मी आज्ञापिलं ते पाळायला शिकवा. म्हणजे अधिकार त्याच्याकडेच राहिला आणि आपल्याकडे आलं ते काम. "पाळायला" हा शब्दही बघ, नुसतं माहीत करून द्या असं नाही म्हटलेलं.

आपल्याकडचंच उदाहरण घे. तलाठी सातबारा देतो, त्याच्या सहीचा कागद बँकेत चालतो, कोर्टात चालतो. तो तलाठी बारीक आवाजाचा असला तरी चालतो. पण त्याच तलाठ्याने उद्या स्वतःच्या मनाने तुझ्या बापाच्या शेतावर दुसऱ्याचं नाव लिहिलं तर ते चालणार नाही, फेरफारची नोंद धरावी लागते, नोटीस काढावी लागते, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करावं लागतं. त्याच्या सहीला वजन आहे कारण तो स्वतः कुणाच्या तरी हाताखाली आहे. मत्तय ८ मधला शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, हेच बोलला. तो येशूला म्हणत नाही की माझ्याकडे अधिकार आहे म्हणून मला कळतं, तो म्हणतो मीही अधिकाराखालचा माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. आधी स्वतः खाली, मग हाताखाली. येशूला त्याच्या विश्वासाचं नवल वाटलं. त्याने स्वतःबद्दलही योहान ७:१६ मध्ये हेच सांगितलंय की माझी शिकवण माझी नाही, ज्याने मला पाठवलं त्याची आहे. पुत्र असून तो असं बोलतो, तर आपण कोण.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, एका आजीकडून कळलं. ते जरा सविस्तर सांगतो.

मी साक्री तालुक्यातला. २०११ ची गोष्ट, दिवाळीच्या आधीचा रविवार. आमच्या मंडळीतली निम्मी घरं दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातात, बारडोली, सुरतकडे, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, पोरंबाळंही सोबत, ते एप्रिल-मे मध्ये परत. मागे चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि आम्ही काही जण उरायचो. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्यातून मी त्या रविवारी उत्पत्ती १३ काढलं, अब्रामच्या पुतण्याने, लोटाने, आपला तंबू सदोम या पापी शहरापर्यंत नेला ते, आणि जोरात बोललो, अगदी घाम फुटेपर्यंत, की जे उपासना सोडून उसाच्या मागे जातात ते लोटासारखे तंबू हलवतायत, आणि देव सांगतो की त्यांच्या घराला आशीर्वाद राहणार नाही. बायका रडल्या. एक-दोघांनी नंतर हात धरून सांगितलं की आज फार अधिकाराने बोललात. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सगळे गेल्यावर एक आजी दारात थांबल्या होत्या, त्यांच्या दोन्ही पोरांनी उचल घेतलेली होती, एकाच्या पोरीच्या दवाखान्यासाठी. त्या रागावल्या नव्हत्या. हळूच अहिराणीत म्हणाल्या, "दादा, हाई देव सांगस का तू सांगस?" म्हणजे, हे देव सांगतो की तू सांगतोस?

मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो, जेवलो नाही, उत्पत्ती १३ परत वाचलं, दहा वेळा तरी वाचलं. लोटाने हिरवागार प्रदेश बघून स्वतःसाठी निवडला हे तिथे आहे. दुष्काळाने, कर्जाने, पोटासाठी निघालेल्या माणसाबद्दल तिथे एक शब्द नाही. उलट एक अध्याय मागे गेलं तर अब्रामच दुष्काळ पडला म्हणून मिसरात गेलेला आहे. पुढे याकोबाची पोरं धान्यासाठी मिसरात जातात. रूथच्या पुस्तकाची सुरुवातच दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून मवाबात गेलेल्या घरापासून होते. तिथेच त्या घरातल्या नामीचा नवरा आणि दोन्ही मुलं वारली, पण देव तिला सोडत नाही, परत आणतो. म्हणजे मी ज्याला "देव सांगतो" म्हटलं ते देव सांगत नव्हता, ते माझ्या रिकाम्या बाकांचं दुःख होतं आणि मी त्याला देवाचं नाव लावलं होतं. यिर्मया २३ मध्ये परमेश्वर ज्या संदेष्ट्यांवर चिडलेला आहे ते स्वतःच्या मनातली गोष्ट सांगून "परमेश्वर म्हणतो" असं म्हणणारे आहेत. तो अध्याय मी त्या रात्री वाचला आणि मला खरंच भीती वाटली.

पुढच्या रविवारी, लोक निघायच्या आधी, मी उभा राहून सांगितलं की मागच्या वेळी मी जे ऊसतोडीबद्दल बोललो ते वचनात नाही, ते माझं होतं, मला क्षमा करा. मग रूथ वाचलं. त्या वर्षीपासून आम्ही निघणाऱ्या प्रत्येक घरासाठी प्रार्थना करतो, कोण कुठल्या पडावावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामावर, आहे ते वहीत लिहितो, रविवारी संध्याकाळी फोन करतो. आणि ज्या दिवशी मी मंडळीसमोर माझं चुकलं म्हणून सांगितलं त्या दिवसापासून लोक माझं "वचन सांगतं" हे वेगळ्या कानाने ऐकायला लागले, कारण त्यांना कळलं की हा माणूस दोन्हीत फरक करतो.

हा फरक पौल स्वतः करतो, १ करिंथ ७ बघ. १० व्या ओवीत तो म्हणतो हे मी नाही, प्रभू आज्ञा करतो. १२ व्या ओवीत म्हणतो आता हे मी सांगतो, प्रभू नाही. २५ मध्ये म्हणतो कुमारिकांबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही, पण मी माझं मत देतो. प्रेषित माणूस, त्याचं मतसुद्धा आज आपल्यासाठी शास्त्र आहे, तरी तो एवढा जपून बोलतो. मी तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करतो, "व" म्हणजे वचनात सरळ लिहिलंय, "स" म्हणजे मला यातून असं समजतं, आणि "अ" म्हणजे माझा अनुभव किंवा सल्ला. बोलतानाही तसंच सांगतो. पहिल्या प्रकारात अजिबात कचरत नाही, व्यभिचार पाप आहे, मजुराची मजुरी दाबणं पाप आहे, भावाला क्षमा करायची आहे, इथे "मला वाटतं" म्हणायचं कारणच नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र आवाज खाली येतो. तुझ्या वडीलधाऱ्यांना तुझ्यात अधिकार दिसत नाही त्याचं एक कारण कदाचित हे असेल की तू सगळंच सारख्या आवाजात, सारखं जपून बोलतोस. जिथे वचन ठाम आहे तिथेही तू घाबरतोस का ते तपासून बघ. तीताला पौल म्हणतो सर्व अधिकाराने बोध कर (तीत २:१५), म्हणजे गप्प बसणं हीही चूकच आहे.

आता आजाराचं. हे न लिहिता पुढे जाऊ शकत नाही. आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार किती घरांत आहे तुला माहीतच असेल. काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने अशाच एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तू बरा झालास, गोळ्या म्हणजे अविश्वास. घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. काही आठवड्यांनी पोरगं हातापायाच्या वेदनांनी रात्रभर ओरडत होतं, मध्यरात्री जीप करून दवाखान्यात न्यावं लागलं. पोरगं वाचलं, देवाची कृपा. पण त्याच्या बापाने मला जे विचारलं ते अजून टोचतं, "पण पास्टर, त्यांनी तर अधिकाराने सांगितलं होतं ना?" भाऊ, आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा हे याकोब ५:१४ मध्ये आहे, मी करतो, देव बरं करतो हेही मी डोळ्यांनी बघितलंय. औषध बंद कर हे कुठल्याच ओवीत नाही. ते ज्याने म्हटलं त्याचा आवाज मोठा होता, अधिकार नव्हता.

आणि लोक असं का मानतात तेही समजून घे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या भगताकडे जाण्याची सवय होती, भगत बोलला की बोलला, कशावरून असं विचारायचं नसतं. विश्वासात आल्यावर कितीतरी लोकांनी नकळत भगताच्या जागी पास्टरला बसवलं. त्यांना वाटतं अधिकार म्हणजे ज्याला प्रश्न विचारता येत नाही तो. नव्या करारात उलट आहे. बिरुयातल्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं सांगणं खरं आहे का म्हणून रोज शास्त्र तपासलं आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो (प्रे. कृ. १७:११). पौलाने पेत्राला अंत्युखियात सगळ्यांसमोर अडवलं. कुणी तुला "माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका" ही ओवी दाखवून गप्प करायला लागलं तर स्तोत्र १०५ पूर्ण वाच, तिथे देव राजांना ताकीद देतोय की या थोड्याशा परक्या, भटक्या घराला, म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोबाच्या घराला त्रास देऊ नका. पाळकाला प्रश्न विचारू नका असं तिथे कुठेच नाही. आणि अभिषेक म्हणशील तर १ योहान २:२० प्रमाणे तो सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळालेला आहे, तुझ्या त्या घड्याळ बघणाऱ्या श्रोत्यांनासुद्धा. म्हणून तर ते तपासू शकतात.

आवाजाबद्दल थोडंच लिहितो. डोंगरावरचा उपदेश येशूने बसून दिला, नासरेथच्या सभास्थानातही वाचून झाल्यावर तो बसला, तेव्हा गुरू बसूनच शिकवायचे. तू यूट्यूबवरच्या हिंदी प्रचारकांची चाल उचलू नको, तुझ्या तोंडी ती परकी वाटते आणि लोकांना ते लगेच कळतं. माईक नीट तोंडाजवळ धर, वाक्यं छोटी कर, बस.

भाषेकडे मात्र खूप लक्ष दे. मी पहिली कितीतरी वर्षं पुस्तकी मराठीत बोलायचो, नीतिमान ठरवणे, प्रायश्चित्त, समेट, आणि समोर बसलेली माणसं घरी अहिराणी बोलणारी. तुझ्याकडे मावची असेल, कोकणा आदिवासींची कोकणी असेल. जी गोष्ट माणसाला घरच्या भाषेत कळत नाही ती त्याच्यावर अधिकार कसा गाजवणार, त्याला ती साहेबाच्या कागदासारखी वाटते, अंगठा देतो आणि निघून जातो. मी आता वचन मराठी बायबलमधून वाचतो आणि समजावून अहिराणीत सांगतो. समेट हा शब्द मी बांधावरच्या भांडणातून सांगतो, दोन भाऊ वर्षभर बोलत नाहीत आणि मग ज्याचं नुकसान झालं तोच पहिला चालत येतो. हे ऐकताना कुणी घड्याळ बघत नाही.

बांधाचं निघालंच तर तेही सांगतो. माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं दीड हात बांधावरून ६ वर्षं बोलणं बंद होतं, आणि त्या ६ वर्षांत मी मत्तय ५:२३-२४ वर, वेदीजवळ दान सोडून आधी भावाकडे जा यावर, एकदाही संदेश दिला नाही. मुद्दाम टाळलं असं नाही, त्या ओवीकडे हातच जात नव्हता. गाव लहान असतं भाऊ, सगळ्यांना माहीत होतं. एज्रा ७:१० मध्ये क्रम दिलाय, एज्राने नियमशास्त्राचा अभ्यास करायचं, ते पाळायचं आणि मग इस्राएलात शिकवायचं मनावर घेतलं. मधली पायरी गाळली की तिसरी डगमगते. मी एका सकाळी गेलो भावाकडे, बांध सोडून दिला, वहिनीने चहा टाकला, दोघंही फार बोललो नाही. त्यानंतर मी त्या ओवीवर बोललो तेव्हा माझा आवाज बारीकच होता पण चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तुझंही असं एखादं पान असेल जे तू उघडत नाहीस. ते कुठलं हे मी सांगू शकत नाही, तुला माहीत असेल.

आणि लोक रडले म्हणजे अधिकार होता असं मोजू नको. योहान ६ मध्ये येशूचंच बोलणं ऐकून पुष्कळ शिष्य मागे फिरले, नासरेथच्या लोकांना तो अडखळण वाटला. मी आता रविवारी मोजतच नाही, महिन्याभराने बघतो, कुणी उधारी फेडली का, कुणी दारू सोडायला मदत मागायला आलं का, कुठल्या घरात बोलणं सुरू झालं का.

तर आत्ता एवढंच कर. येत्या घरप्रार्थनेसाठी मार्क १:२१-२८ च घे. आठवडाभर रोज मोठ्याने वाच, निदान एकदा तुझ्या घरच्या भाषेत आईला किंवा आजीला सांगून बघ आणि ती काय विचारते ते लिहून ठेव. मुद्द्यांपुढे व, स, अ च्या खुणा कर. बोलून झाल्यावर १० मिनिटं लोकांना विचारू दे, एखादं उत्तर आलं नाही तर "बघून सांगतो" म्हण आणि पुढच्या वेळी खरंच सांग. त्या वडीलधाऱ्यांना पुढच्या रांगेत बसव आणि नंतर त्यांना विचार की कुठे माझं होतं आणि कुठे वचनाचं. मुद्दे लिहून झाले की इथेच टाक, मी वाचून कळवतो, पण शक्य तर या पंधरा दिवसांत टाक, कारण दिवाळीनंतर मी पडावांवर लोकांना भेटायला बारडोलीकडे जातो आणि तिकडे रेंज नसते.